गंगेवर न गेलेल्या अस्थी

जव्हारहून मोखाडा आणि तिथून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाणाऱ्या एसटीत कधीतरी एखादा माणूस मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन बसलेला दिसतो. डोकं भादरलेलं, पायाशी पिशवी, शेजारी मामा नाहीतर चुलता. फडक्यात काय आहे हे सगळ्या गाडीला कळलेलं असतं, आणि म्हणूनच कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून गोळा केलेल्या अस्थी गंगेवर चालल्या आहेत. आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी. सगळेच एवढ्या लांब जात नाहीत, पुष्कळांची राख जवळच्या नदी-ओहोळातच सोडली जाते. पण ज्याला जमतं तो नाशिकच्या रामकुंडापर्यंत जातो. तिथल्या पाण्यात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा एक भागही तिथेच सोडला होता.

जाईपर्यंत ते मडकं घराचा उंबरा ओलांडत नाही. अंगणाबाहेर झाडाला टांगून ठेवतात. आत ज्याचं अंथरूण अजून गुंडाळलेलं नाही, त्याचीच हाडं बाहेर फांदीला. जिव्हाळा आणि विटाळ यांचा असा एकत्र मुक्काम दुसरीकडे क्वचित दिसतो.

हीच वाट उलट्या बाजूने उतरली की गोष्ट बदलते. मोखाड्याच्या पठारावरून गोंदा घाट, शिरघाट अशा जुन्या वाटा देशावर चढतात. कोकणच्या बंदरांतला माल अशाच वाटांनी नाशिककडे जायचा. त्या बंदरांतलं सर्वांत जुनं नाव सोपाऱ्याचं, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचं. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला तेव्हा जव्हार-मोखाडा आणि सोपारा ठाणे जिल्ह्यातून निघून एकाच नव्या जिल्ह्यात आले. जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला माणसं अस्थी वाहून नेऊन पाण्यात सोडतात. समुद्राकडच्या टोकाला कोणे एके काळी माणसांनी नेमकं उलट केलं होतं. गेलेल्याचं काहीतरी जपून, पेटीत पेटी घालून, विटांच्या पोटात पुरून त्यावर डोंगर रचला होता.

त्या डोंगराला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे टोपल्या-सुपं विणणारा. असा कुणी राजा इतिहासात सापडत नाही, पण गावाने त्या ढिगाऱ्याला एक मालक देऊन टाकला होता. गावं असंच करतात, बेवारशी ढीग त्यांना सहन होत नाही.

१८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे आले. जन्माने जुनागढचे, भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली शिलालेख वाचण्यात तयार झालेले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाकडे युरोपातले पंडित शंका विचारायला पत्रं पाठवत. बरोबर गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल होते. टेकाडाच्या माथ्यापासून मधोमध खणत गेल्यावर विटांची एक कोठी लागली आणि कोठीत दोन सारख्या गोल भागांची, एकावर एक बसवलेली दगडी पेटी. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ बुद्धमूर्ती कोंडाळं करून बसलेल्या. सात मूर्ती आजवर होऊन गेलेल्या बुद्धांच्या, आठवी अजून यायचा आहे त्या मैत्रेयाची.

तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. मध्ये सोन्याच्या पत्र्याची शेकडो फुलं आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं एक नाणं. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत तेरा खापऱ्या होत्या.

खापऱ्याच. मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवानलालांनी त्यांचा अर्थ लावला तो असा, की हे गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, निदान स्तूप रचणाऱ्यांची तशी श्रद्धा असावी. दुसरा अर्थ लावणं अवघडच आहे. सोन्याच्या आत कुणी खापरी ठेवतं ते ती खापरी नसते म्हणूनच.

एक कोडं मात्र त्या पेटीत राहिलं. नाणं सातवाहनांचं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्तींची घडण मात्र त्यानंतर पाच-सहाशे वर्षांची. याचा सरळ अर्थ असा, की मधल्या काळात कुणीतरी हा स्तूप उघडला, आतल्या वस्तू पाहिल्या, भोवती आठ बुद्ध बसवले आणि पुन्हा बंद केला. त्यांनी सोनं नेलं नाही, उलट आणखी भर घालून ठेवलं. स्तूप फोडणाऱ्यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो, पण उघडून, नमस्कार करून परत मिटणाऱ्यांची ही एक खूण सोपाऱ्यात होती.

भांड्याचे तुकडे कशाला जपायचे हे कळायला बौद्धांची या विषयातली व्यवस्था पाहावी लागते. बुद्धाचं दहन कुसिनाऱ्याला झालं. अस्थींवर हक्क सांगायला सात-आठ राज्यांची माणसं आली आणि प्रकरण हातघाईवर येऊ लागलं. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्ये पडून आठ सारखे वाटे केले आणि ज्या भांड्याने मापलं ते भांडं स्वतःसाठी मागून घेतलं. उशिरा पोहोचलेल्या मोरियांना कोळसे मिळाले. आठ अस्थींचे, एक मापाच्या भांड्याचा, एक कोळशांचा असे दहा स्तूप उभे राहिले. म्हणजे अगदी पहिल्या वाटणीपासूनच हाड आणि हाडाला लागलेलं भांडं एका पंक्तीला बसले होते. पुढे बौद्ध परंपरेने तीन वर्ग केले: शरीराचे अवशेष ते शारीरिक, वापरातल्या वस्तू त्या पारिभोगिक आणि नुसती आठवण करून देणारी मूर्ती-चित्रं ती उद्देशिक. यात मूर्ती शेवटी येते, हे आपल्या मूर्तिपूजक मनाला जरा खटकतं. बुद्धाच्या ओठाला लागलेली खापरी त्याच्या सोन्याच्या मूर्तीहून वरची.

या अवशेषांना बौद्ध भाषेत शब्द आहे 'धातू'. मराठीत धातू म्हटलं की आपल्याला तांबं-पितळ आठवतं किंवा व्याकरणाचा तास. स्तूपाला आपण लेण्यांत 'दागोबा' म्हणतो तो शब्द मात्र 'धातुगर्भ' याच शब्दातून झिजत आला आहे. ज्याच्या पोटात धातू आहे तो दागोबा. आज लेणी पाहायला गेलेली शाळेची मुलंही तो शब्द सहज बोलतात.

हिंदू जगाला हे प्रकरण फारसं पचलेलं नव्हतं. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी कलियुगाची लक्षणं सांगतात. त्यात एक लक्षण असं, की लोक देवांना सोडून एडूकांची पूजा करतील आणि पृथ्वीवर देवळांऐवजी एडूकच एडूक दिसतील. एडूक म्हणजे पोटात हाडं असलेली बांधकामं. बोट कुणाकडे आहे हे उघड आहे. प्रेताचा विटाळ मानणाऱ्या समाजाला हाडांभोवती प्रदक्षिणा घालणं म्हणजे जग उलटं झाल्यासारखं वाटलं असणार. एसटीतलं ते मडकं आजही उंबऱ्याबाहेर टांगलं जातं, ते याच धाग्याने.

पण मराठी माणसाने या नियमाला पळवाटाही काढल्या. संन्याशाचं दहन करत नाहीत, त्याला समाधी देतात, आणि समाधीला विटाळ नाही. आळंदीला १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. पुढे तीनशे वर्षांनी एकनाथांच्या गळ्याला दुखू लागलं. ज्ञानेश्वर स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ गेले, मुळी काढली, दुखणं थांबलं. ही कथा माहीत नसलेला वारकरी सापडायचा नाही. तिच्यात एक गोष्ट गृहीतच धरली आहे: आत जे आहे ते हाडांचा सापळा नाही. गळा आहे, त्याला मुळी टोचते, आणि ते बाहेर कळवता येतं.

तुकाराम सदेह गेले, त्यामुळे मागे उरायला काही राहिलंच नाही. मग पादुका आल्या. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पादुकांची पालखी सुरू केली, आणि आज आषाढीला जे रथ पंढरपूरला जातात त्यांत पादुकाच असतात. बौद्धांच्या वर्गवारीत हे 'पारिभोगिक' म्हणायला हरकत नाही. वारकऱ्याला ही वर्गवारी माहीत नसते. पादुकांवर डोकं ठेवताना त्याला ती लागतही नाही.

इथून थेट उत्तर इंग्लंडला जातो, कारण आळंदीच्या त्या कथेचं भावंड तिथे आहे. सातव्या शतकात, अँग्लो-सॅक्सन राजवटीत, नॉर्थम्ब्रिया नावाच्या राज्यात लिंडिसफार्न बेटावर कथबर्ट नावाचा बिशप होऊन गेला. तो ६८७ साली वारला. अकरा वर्षांनी, ६९८ मध्ये, अस्थी काढून मानाने वर ठेवाव्यात म्हणून भिक्षूंनी पेटी उघडली, तर हाडांऐवजी अख्खा माणूस. अंग लवचीक, जणू झोपलेला. बीड नावाच्या विद्वान भिक्षूने हे लिहून ठेवलं आहे. पुढे ७९३ मध्ये त्या बेटावर व्हायकिंगांची धाड पडली आणि ८७५च्या सुमारास भिक्षूंनी बेट सोडलं. निघताना त्यांनी कथबर्टची पेटी खांद्यावर घेतली. वर्षानुवर्षं ती पेटी घेऊन ते हिंडले. ९९५ साली डरहॅमला ती विसावली आणि तिच्याभोवती ते शहर वाढलं. आधी शहर आणि मग देऊळ असा क्रम नव्हता तो. आधी पेटी, मग सगळं.

त्या पेटीत कथबर्ट एकटा नव्हता. १८२७ साली कबर उघडली तेव्हा आत एक जादा कवटी सापडली. ती राजा ओस्वाल्डची मानली जाते. ओस्वाल्ड ६४२ साली लढाईत पडला आणि शत्रूने त्याचं डोकं आणि हात तोडून खांबांवर टांगले. पुढे भावाने ते काढून आणले, हात एका गावी गेले, डोकं दुसऱ्या. पण मला या हकिकतीतला सर्वांत रोचक भाग हाडांचा वाटत नाही, मातीचा वाटतो. ओस्वाल्ड जिथे पडला तिथली माती लोक उचलून नेऊ लागले. पाण्यात कालवून आजाऱ्याला, गुरांना पाजू लागले. बीड सांगतो, की उचलता उचलता तिथे पुरुषभर खोल खड्डा पडला. हाडं धुतलेलं पाणी देवळाच्या ज्या कोपऱ्यात ओतलं होतं, तिथल्या मातीने बाधा उतरते असंही लोक मानू लागले.

जव्हार-मोखाड्यात वाढलेल्या कुणालाही हे परदेशातलं वाटायचं नाही. भगताकडचा अंगारा, देवस्थानाची चिमूटभर माती, दर्ग्यातल्या उदाची राख, हे सगळं पुडीत बांधून घरी येतं, आणि दवाखान्याच्या गोळ्यांबरोबर एकाच फळीवर ठेवलेलं असतं. नॉर्थम्ब्रियाच्या शेतकऱ्याला ती पुडी बघून काही समजावून सांगावं लागलं नसतं.

या इंग्रजी प्रकरणातलं एक पत्रही इथे आठवण्यासारखं आहे. ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या आपल्या माणसांना कळवलं: तिथल्या लोकांची जुनी देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी बांधा आणि आत संतांचे अवशेष ठेवा. लोकांचे पाय ज्या वाटेला सवयीचे आहेत त्याच वाटेने त्यांना येऊ द्या. पुढे ७८७च्या धर्मसभेने नियमच केला, की अवशेषांशिवाय देऊळ पवित्र होत नाही. आपल्या वसईच्या पट्ट्यात, सोपाऱ्याच्या स्तूपापासून हाकेच्या अंतरावरच्या गावांत, कॅथलिक देवळं आहेत. वसईचाच गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. जिथे भिक्षापात्राची खापरी सोन्यात ठेवली गेली त्याच शिवारात, दीड हजार वर्षांनी, दुसऱ्या धर्माच्या लोकांनी संतांच्या अवशेषांपुढे गुडघे टेकले. दोघांना एकमेकांची कल्पना असेल असं वाटत नाही.

गोव्यात मात्र दोघांची गाठ पडली, आणि ती फार वाईट पडली.

१५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तांतीनू द ब्रागांझाने श्रीलंकेतल्या जाफन्यावर स्वारी केली आणि लुटीत एक दात हाती आला. तो बुद्धाचा दात असल्याची वार्ता पसरली. पेगूचा, म्हणजे ब्रह्मदेशाचा राजा त्यासाठी मोठी रक्कम द्यायला तयार झाला. तिजोरी रिकामी होती, व्हाइसरॉयच्या अधिकाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण आर्चबिशप गास्पार आडवे आले. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतोने पुढचं वर्णन केलं आहे: आर्चबिशपांनी सगळ्यांसमोर दात खलात घालून कुटला, पूड निखाऱ्यांवर टाकली, आणि राख नदीत सोडली. म्हणजे नकळत विधिवत विसर्जनच झालं म्हणायचं. श्रीलंकेचे लोक म्हणतात, तो खरा दात नव्हताच, खरा लपवून ठेवला होता आणि आजही तो कँडीच्या मंदिरात आहे.

त्याच वेळी त्याच शहरात आणखी एक शरीर होतं. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. मांस लवकर झडून नुसती हाडं नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. काही आठवड्यांनी उघडलं तर शरीर ताजं. मलाक्का करून १५५४च्या मार्चमध्ये ते गोव्यात आलं, आणि लोकांची झुंबड उडाली. पायाला ओठ लावायला वाकलेल्या एका बाईने एक बोटच चावून नेलं अशी हकिकत आहे. १६१४ साली जेझुइटांच्या प्रमुखाच्या आज्ञेवरून उजवा हात कोपराखाली कापून रोमला पाठवला. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात तिथे हवा होता. उरलेलं शरीर आता जुन्या गोव्यात, गोव्याच्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहे, आणि त्याखालची संगमरवरी चौथऱ्याची कलाकुसर टस्कनीच्या ड्यूकने इटलीहून धाडलेली. अठरावं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. त्या दिवसांत रांगेत फक्त कॅथलिक नसतात. गोव्याचे हिंदूही 'गोंयच्या सायबा'ला भेटून येतात, आणि प्रेताचा विटाळ तिथे कुणी पाळताना दिसत नाही.

रोमला गेलेल्या त्या हाताची गंमत सांगायची राहिली. २०१८च्या जानेवारीत तो कॅनडाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखून ठेवलं होतं. सामानाच्या कप्प्यात टाकण्यासारखा तो नव्हता. मला लगेच एसटीतलं मांडीवरचं मडकं आठवलं. तेही कुणी टपावर टाकत नाही.

जपलेलं कधी परतही जातं. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझला हाल करून मारलं, कारण तिने धर्म सोडला नाही. तिथल्या ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि काही १६२७ साली गोव्याच्या मठात आणल्या. मठ १८३५ मध्ये ओस पडला, १९३१ साली मनोऱ्याचा दर्शनी भाग कोसळला, सगळं माती-दगडांखाली गेलं. जुन्या पोर्तुगीज कागदांत मात्र पेटीची जागा लिहिलेली होती: कुठल्या खिडकीजवळ, कुठल्या बाजूला. या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्याने तिथे खणून हाताचं हाड काढलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने त्यातला डीएनए तपासला. भारतीयांत न आढळणारा पण जॉर्जियात आढळणारा मातृवंश त्यात निघाला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या हवाली केला. चारशे वर्षांनी राणीची मिरवणूक निघाली. अवशेषांच्या बाबतीत प्रयोगशाळेने श्रद्धेला दुजोरा दिल्याची अशी उदाहरणं फार नसतात.

आता पुन्हा पठारावर येऊ. जव्हार-मोखाड्यात सोन्याची डबी नाही, चांदीची पेटी नाही. म्हणजे गेलेल्यांना इथे जागा नाही असं मात्र नाही. जव्हार शहरात सदरोद्दीन चिश्ती यांचा दर्गा आहे. उरसाला संदल निघतो, चादर चढते, आणि महादेव कोळी मुकणे राजांची ही गादी असताना हिंदू-मुसलमान दोघांची ही जत्रा कशी, असा प्रश्न गावात कुणाला पडत नाही. पीर खाली जमिनीत आहेत, त्यांचं हाड कुणी पाहत नाही. मजारीवरून उतरलेली चादर, फूल, चिमूटभर उदी यांच्यावर लोकांचं भागतं. कॅथलिकांच्या हिशोबात असं शरीराला किंवा कबरीला स्पर्श झालेलं कापड तिसऱ्या दर्जाचा अवशेष ठरलं असतं. इथे दर्जे लावायला कुणी बसलेलं नाही.

पाड्यांच्या शिवेवर शेंदूर लावलेला वीर असतो. दगडाचा किंवा लाकडाचा, वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली घोडेस्वार. अकाली गेलेला, लढताना किंवा वाघाने मारलेला, कुणीतरी पूर्वज. देव्हाऱ्यात त्याचाच चांदीचा टाक. वारल्यांच्या घरी हिरवा, हिमाय, नारनदेव यांच्या शेजारी पूर्वजांचाही मान असतो. या दगडाखाली हाड नाही, टाकाच्या आत खापरी नाही. अस्थी तर कधीच पाण्यात गेल्या. त्या पाण्यात सोडलेल्या माणसाला मग पुन्हा बोलावून दगडात बसवायचं. बौद्धांच्या भाषेत हा शेवटचा, सगळ्यांत खालचा वर्ग. पण सुगीला पहिलं नवं धान आणि कोंबडं मिळतं ते याच दगडाला.

बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचंही तसंच. मोखाड्याच्या जगदंबेच्या उत्सवात रात्रभर संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात गणपती, भीम, रावण, नरसिंह अशी सोंगं येतात. एखाद्या सोंगाचा मान एखाद्या घराण्याकडे असतो. आज्याने घातलेला मुखवटा बापाने घातला, आता नातू घालतो. वर्षभर तो मुखवटा खुंटीला गप्प असतो, आणि उत्सवाआधी त्याची पूजा होते. मुखवट्याच्या आतल्या बाजूला आज्याच्या कपाळाचा घाम मुरलेला आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही. पण भिक्षापात्राची खापरी सोन्यात ठेवणाऱ्या माणसाला तो मुखवटा दाखवला असता, तर त्याने तो आधी उलटा करून आतूनच पाहिला असता.

१९५६च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि जे मधली कित्येक शतकं महाराष्ट्रात थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं. दादरला चैत्यभूमी, नागपूरला दीक्षाभूमी: दोन्ही स्तूपाच्या घाटाच्या वास्तू, दोन्हींत त्यांच्या अस्थी. त्या अस्थी वाहत्या पाण्यात सोडल्या गेल्या नाहीत, त्यांच्याभोवती बांधकाम झालं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर जो समुदाय येतो, त्यात पालघर-वसईच्या लोकलने आलेलेही असतात. वनपर्वातल्या त्या जुन्या तक्रारीला इतकं मोठं उत्तर दुसरं कुणी दिलेलं नाही. योगायोग असा, की सोपाऱ्याजवळ भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला तोही १९५६ सालीच. आठव्याचा तुकडा भगवानलालांनाच १८८२ मध्ये मिळाला होता.

आणि सोपाऱ्याच्या त्या पेटीचं पुढे काय झालं? करंडक, मूर्ती, फुलं, खापऱ्या सगळं मुंबईला टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे गेलं, आणि तिथेच आहे. जपणूक नीट झाली, यात वाद नाही. घरी नेलेल्या वस्तूंचं काय होतं ते पिप्रहवाच्या बाबतीत दिसलं. १८९८ साली तिथला स्तूप खणणाऱ्या पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराच्या वारसांनी, बुद्धाच्या अस्थींबरोबर निघालेली रत्नं २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात काढली. भारत सरकारने नोटीस पाठवल्यावर लिलाव थांबला आणि जुलैत ती रत्नं भारतात आली. त्या वादात एक प्रश्न वारंवार विचारला गेला: ही नुसती रत्नं, हाडं थोडीच आहेत? सोपाऱ्याची पेटी रचणाऱ्याला हा प्रश्नच कळला नसता. राखेत मिसळलेलं फूल राखेतून वेगळं काढून विकायचं, म्हणजे नेमकं काय वेगळं काढायचं?

माझी स्वतःची तक्रार थोडी वेगळी आहे. खापऱ्या खरोखर बुद्धाच्या पात्राच्या होत्या का, यावर मी फार वेळ घालवत नाही. ज्यांनी मध्येच उघडून आठ मूर्ती बसवल्या त्यांनीही ते विचारलं नसावं. पण जी वस्तू लोकांनी प्रदक्षिणा घालावी म्हणून पुरली, ती ग्रंथालयाच्या कुलपात जपली जाते आणि जिल्ह्यातल्या माणसाला ती पाहायची तर मुंबईच्या कचेरीच्या वेळात जावं लागतं.

सोपाऱ्याच्या टेकाडावर आता पुरातत्त्व खात्याचं कुंपण आणि निळा फलक आहे. मधोमध भगवानलालांनी खणलेला भाग उघडा आहे, विटा दिसतात. आतली कोठी १८८२पासून रिकामी आहे. बुद्धपौर्णिमेला लोक येतात, मेणबत्त्या लावतात, पांढरी फुलं ठेवतात आणि त्या रिकाम्या जागेभोवती उजवीकडून फेरी घालतात.